समुपदेशकाचं बोलणं कोण ऐकतं?

ठाण्यात गोखले रोड किंवा राम मारुती रोडने चालत गेलं, की दातांच्या आणि डोळ्यांच्या दवाखान्यांच्या गर्दीत आता समुपदेशन केंद्रांच्याही पाट्या दिसतात. या शहराला तो विषय नवा नाही. इथलं मनोरुग्णालय १९०१ सालचं आहे. मनोविकारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णींनी आय.पी.एच. (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही मानसिक आरोग्याची संस्था इथेच १९९० साली सुरू केली. नवी आहे ती पाट्यांची संख्या. घोडबंदर रोडला, ऐरोलीला, वाशीला टॉवर उभे राहतात आणि पाठोपाठ तळमजल्यावरच्या एखाद्या गाळ्यात समुपदेशकही येतो. नावाखाली बहुतेक वेळा एक ओळ असते: इतक्या वर्षांचा अनुभव.

ती ओळ वाचली की आपण निर्धास्त होतो. इतकं निर्धास्त होण्याचं कारण नाही, असं संशोधन सांगतं.

सायमन गोल्डबर्ग आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली अमेरिकेतला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. १७० थेरपिस्ट, त्यांच्याकडे आलेले ६,५९१ लोक, आणि काही थेरपिस्टच्या बाबतीत तर १८ वर्षांपर्यंतची माहिती. प्रश्न साधा होता: वर्षं जातात तसा माणूस या कामात तरबेज होतो का? सरासरी पाहिली तर झाला नव्हता. लोकांना होणारा फायदा वर्षांगणिक वाढायच्या ऐवजी किंचित घसरला होता. घसरण नगण्यच म्हणावी अशी, पण दिशा खालची. काही थेरपिस्ट नक्कीच सुधारले. अनुभवी थेरपिस्टकडे मध्येच सोडून जाणाऱ्यांचं प्रमाणही कमी होतं. म्हणजे अनुभवाने माणसाला धरून ठेवायची हातोटी येते, बरं करायची येईलच असं नाही.

आणि हे त्यांना स्वतःला जाणवतं का? २०१२ साली स्टीव्हन वॉलफिश आणि सहकाऱ्यांनी १२९ व्यावसायिकांना विचारलं, की बरोबरीच्या लोकांशी तुलना केली तर तुम्ही कुठे बसता? सरासरीपेक्षा आपण खाली आहोत असं म्हणणारा एकही जण निघाला नाही. पाव हिस्सा लोकांनी स्वतःला वरच्या दहा टक्क्यांत बसवलं. याला अहंकार म्हणून मोकळं होता येतं, पण मला ते पटत नाही. खरं कारण या धंद्याच्या रचनेतच आहे. शिंप्याकडे बिघडलेला ब्लाउज परत येतो आणि चार शब्द ऐकवूनही जातो. समुपदेशकाशी ज्याचं जमलं नाही, तो माणूस परत येतच नाही. चूक दिसतच नसेल तर सुधारायचं काय?

यश मात्र भरभरून दिसतं, आणि तेही फसवं असतं. मे-जूनमध्ये निकाल लागतात. घरात रडारड, अबोला, जेवण बंद. मुलाला घेऊन आईवडील समुपदेशकाकडे येतात. गणपतीपर्यंत मुलगा कुठेतरी प्रवेश घेऊन, नवे मित्र जोडून बऱ्यापैकी सावरलेला असतो. समुपदेशकाला वाटतं, आपल्या सहा सेशन्सचा गुण. असेलही. पण माणूस मदत मागायला येतो तोच मुळी सगळ्यात वाईट दिवसांत. त्या तळापासून पुढचे दिवस आपोआपच थोडे बरे असतात, उपचार असो वा नसो. म्हणूनच 'आधी असा होता, नंतर असा झाला' एवढ्यावर विज्ञान विश्वास ठेवत नाही. ज्याला समुपदेशन मिळालं नाही, असा तुलनेचा गट ते मागतं. लंडनचे मानसशास्त्रज्ञ हान्स आयसेंक यांनी १९५२ साली नेमका हाच मुद्दा काढून मानसोपचारवाल्यांची झोप उडवली होती. त्यांचं म्हणणं, लोक असेही बरे होतात. त्यावर भक्कम उत्तर यायला २५ वर्षं लागली. १९७७ साली मेरी ली स्मिथ आणि जीन ग्लास यांनी ३७५ अभ्यासांचे निकाल एकत्र करून दाखवलं की मानसोपचार घेणारे, न घेणाऱ्यांच्या तुलनेत सरासरी बरेच पुढे असतात. तेव्हा समुपदेशनाचा उपयोग होतो, याबद्दल शंका नको. प्रश्न 'कोणाच्या समुपदेशनाचा होतो' हा आहे.

यातला सगळ्यात अस्वस्थ करणारा आकडा २००५ सालचा आहे. एका विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्रात थेरपिस्टना विचारलं गेलं, की तुमच्याकडे येणाऱ्यांपैकी शेवटी कोणाची अवस्था आणखी बिघडेल असं वाटतं? एकूण ५५० जण होते. थेरपिस्टनी बोट ठेवलं ते तिघांवर. प्रत्यक्षात ४० जणांची अवस्था बिघडली, आणि त्या तिघांतला एकच खरा निघाला. त्याच लोकांच्या बाबतीत साध्या आकडेमोडीने, म्हणजे दर भेटीला भरून घेतलेल्या ४५ प्रश्नांच्या तक्त्याने, बिघडणाऱ्यांपैकी बहुतेकांना वेळेत ओळखलं.

मग समुपदेशक घडवायचा कसा? एम.ए.ला सिद्धांत शिकवतात, परीक्षा होते, 'इंटर्नशिप'चं पत्र मिळतं. खोलीचं दार बंद झाल्यावर आत काय चाललं, हे मात्र शिकवणाऱ्याला कळतं ते शिकणाऱ्याच्या तोंडून. आणि तिथेच घोळ आहे. १९४०च्या सुमारास ओहायो स्टेट विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी संमती घेऊन सेशन्स ग्रामोफोनच्या तबकड्यांवर ध्वनिमुद्रित करायला सुरुवात केली. तबकडी दर काही मिनिटांनी भरायची, म्हणून दोन यंत्रं आलटून पालटून चालवावी लागत. त्यांचे विद्यार्थी बर्नार्ड कोव्हनर यांनी समुपदेशकांनी लिहिलेले अहवाल या मुद्रणांशी ताडून पाहिले. लिहिलेलं बहुतांशी खरं होतं, पण घडलेल्यातलं कितीतरी लिहिलंच गेलं नव्हतं. खोटं कोणी बोलत नव्हतं. निवडून आठवत होते.

म्हणून मुद्रण. त्याने काय फरक पडतो, ते जवळून पाहू. समजा, ठाण्यातल्या एका छोट्या अभ्यासगटात चार शिकाऊ समुपदेशक आणि एक ज्येष्ठ मॅडम बसल्या आहेत. दोघींनी आदल्या आठवड्यात एक रोल-प्ले केला, त्याचा मजकूर सगळ्यांसमोर कागदावर आहे. एकीने इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला नापास झालेल्या, ऐरोलीच्या मुलाची भूमिका घेतली होती.

मुलगा: घरी अजून सांगितलं नाहीये. बाबांना कळलं तर ते काही बोलणार नाहीत. तेच जास्त वाईट आहे.

(चार सेकंद शांतता)

समुपदेशक: मग बाबांशी एकदा नीट बोलून बघावं, असं नाही का वाटत तुला?

मुलगा: हो... बोलतो ना. बघतो.

सेशनच्या टिपणात समुपदेशक झालेल्या मुलीने लिहिलं होतं: 'वडिलांशी संवादाबद्दल चर्चा झाली. क्लायंट तयार आहे.' कागदावर पाहिलं तर मुलाने जे सांगितलं, म्हणजे 'तेच जास्त वाईट आहे', त्याला कोणी हातच लावलेला नाही. बाबा रागावणार नाहीत, मग वाईट काय? ते विचारायचं राहिलं. आणि 'बोलतो ना, बघतो' हा होकार नाही, हे कुठल्याही मराठी घरात वाढलेल्या माणसाला कळतं. सेशनमध्ये बसलेल्या समुपदेशकाला मात्र त्या क्षणी कळत नाही, कारण ती पुढचं वाक्य जुळवण्यात गुंतलेली असते.

आता संशोधनाची गंमत. गटातल्या दोघींनी प्रत्येक वाक्याला लेबल लावायचं आहे: प्रश्न, सल्ला, भावनेचा प्रतिसाद, माहिती. 'असं नाही का वाटत तुला?' याला एकीने 'प्रश्न' लिहिलं, दुसरीने 'सल्ला'. व्याकरणाने पहिली बरोबर, कामाने दुसरी. वाद होतो. वादातून नियम ठरतो: उत्तर आधीच पोटात घेऊन आलेला प्रश्न हा सल्ला धरायचा. नियम वहीत जातो. पुढच्या वेळी तसा प्रश्न तोंडावर आला की सगळ्यांना तो आधीच ऐकू येतो. मोजणं आणि शिकणं ही दोन कामं इथे वेगळी काढताच येत नाहीत.

दोघींचं किती जुळतं, हे बघायलाही एक खुबी लागते. समजा १०० वाक्यं आहेत आणि दोघींनीही प्रत्येकी १० वाक्यांना 'सल्ला' म्हटलं, ९० ना 'सल्ला नाही'. त्यांची ८६ वाक्यांत लेबलं जुळली. ८६ टक्के म्हणजे डिस्टिंक्शन! पण थांबा. दोघींनी डोळे मिटून याच प्रमाणात लेबलं वाटली असती, तरी निव्वळ योगायोगाने ८२ वाक्यांत जुळली असती. योगायोगाच्या वर जुळायला जागा होती १८ ची, त्यातली मिळवली ४. म्हणजे खरा मेळ ०.२२. याला 'कापा' म्हणतात, जेकब कोहेन यांनी १९६० साली मांडलेलं माप. शून्य म्हणजे नुसता योगायोग, एक म्हणजे पूर्ण एकमत. ०.२२ आलं तर पुन्हा बसायचं, नियम घासायचे, पुन्हा लेबलं लावायची. हे काम अतिशय कंटाळवाणं आहे आणि त्याला पर्याय नाही.

या सगळ्यात ज्येष्ठ मॅडमचं काय? त्यांचंच काम सगळ्यात अवघड. निकोलस लडानी आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली शिकाऊ थेरपिस्टना विचारलं, की तुम्ही आपल्या सुपरव्हायझरपासून, म्हणजे कामावर देखरेख करणाऱ्या ज्येष्ठांपासून, काही लपवलं आहे का? ९७ टक्क्यांनी हो म्हटलं. आपल्याकडे तर 'सर म्हणतात म्हणजे बरोबरच असणार' ही सवय शाळेपासून अंगात मुरलेली. शिकाऊ मुलगी आपली बिघडलेली सेशन आणणारच नाही, चांगली निघालेली आणेल. मॅडम कौतुक करतील, दोघी खूश होऊन घरी जातील आणि हाती काहीच लागणार नाही.

यावर दोन जुने उपाय आहेत आणि दोन्ही मला फार शहाणपणाचे वाटतात. पहिला नॉर्मन केगन यांचा, मिशिगन स्टेट विद्यापीठात १९६०च्या दशकात घडलेला. सेशनचं मुद्रण लावायचं, पण थांबवायचं बटण शिकाऊ माणसाच्या हातात. तो थांबवेल तिथे मार्गदर्शकाने चूक-बरोबर सांगायचं नाही, विचारायचं फक्त: त्या क्षणी मनात काय चाललं होतं? काय म्हणावंसं वाटलं आणि म्हटलं नाही? वरच्या उदाहरणात त्या चार सेकंदांवर थांबलं तर कदाचित कळेल की समुपदेशक झालेल्या मुलीच्याही घरी न बोलणारे बाबा होते.

दुसरा उपाय क्लारा हिल आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली मांडलेल्या संशोधनपद्धतीचा, जिच्यात मुलाखतींचा अर्थ एकमताने लावला जातो. तीन ते पाच जणांचा गट, प्रत्येकाने आधी एकट्याने वाचून आपलं मत लिहून आणायचं, मग चर्चा, आणि गटाबाहेरचा एक जण शेवटी सगळं तपासणार. मत आधी लिहून आणणं ही अट क्षुल्लक वाटते, पण पद्धतीचा जीव तिथेच आहे. मॅडम बोलल्यावर मत बनवायचं नसतं, ते आधीच कागदावर असतं. आणि मॅडमनीही आपलं एखादं सेशन गटापुढे ठेवायला हवं. ते जिथे होत नाही, तिथे बाकी सगळ्या पद्धती कागदावरच राहतात, असं माझं स्पष्ट मत आहे.

हे सगळं परदेशातल्या विद्यापीठांचं कौतुक, आपल्याला कुठे परवडतं, असं कोणी म्हणेल. त्याला उत्तर कोकण रेल्वेच्या वाटेवरच आहे. गोव्यातल्या 'संगाथ' संस्थेने विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांसोबत दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक चाचणी केली. मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना नैराश्यासाठीचं छोटं, सहा ते आठ भेटींचं समुपदेशन शिकवलं. ४९५ रुग्ण चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत वाटले गेले. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्या गटात ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते, दुसऱ्या गटात ३९ टक्के. निकाल २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला.

त्यामागची बाजू तितकीशी बोलली जात नाही. हे नवखे समुपदेशक एकत्र बसून एकमेकांची मुद्रणं ऐकत आणि ठरलेल्या मोजपट्टीवर गुण देत. त्यांचे गुण तज्ज्ञांच्या गुणांशी कितपत जुळतात, तेही तपासलं गेलं, आणि मेळ कामचलाऊपेक्षा बरा निघाला. प्रत्येक सेशनमागे एक तज्ज्ञ बसवणं आपल्याला कधीच शक्य होणार नाही. चार सहकारी आणि एक मोजपट्टी शक्य आहे.

ठाणे-नवी मुंबईत एक अडचण मात्र गोव्याइतकीच, कदाचित जास्तच आहे. नाव बदललं म्हणून माणूस लपत नाही. 'चरईत राहणारी, मराठी शाळेत शिकवणारी, नवरा पोलिसांत' एवढं म्हटलं की गटातल्या कोणाला तरी ती ओळखीची निघते. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही गुप्ततेचा हक्क दिलेला आहे. म्हणून गटात मांडताना गाव, नोकरी, नातेवाइकांची संख्या, सगळं बदलायचं. मुद्रणाची संमती लेखी घ्यायची, ती केव्हाही मागे घेता येईल हे सांगायचं, आणि 'नको' म्हटलं तर सेशन तितक्याच आपुलकीने करायचं. ओळख निघालीच, तर त्या व्यक्तीने उठून बाहेर जायचं.

पाटी वाचून जिना चढणाऱ्याने पहिल्या भेटीत एक प्रश्न जरूर विचारावा: तुमचं काम तुम्ही कोणाला दाखवता? विचारायचा संकोच वाटेल, पण डॉक्टरला डिग्री विचारण्यापेक्षा हा प्रश्न जास्त कामाचा आहे. उत्तरात नावं नकोत. महिन्यातून किती वेळा, किती जण बसतात, आणि दर भेटीला तुमच्याकडून एखादा तक्ता भरून घेतील का, एवढं कळलं तरी पुरे.