रोगप्रतिकारशक्ती : आहार आणि ध्यान (नागपूर परिसर)

रोगजंतू, विषाणू आणि शरीरातल्याच बिघडलेल्या पेशी ओळखून त्यांचा बंदोबस्त करण्याची शरीराची क्षमता म्हणजे रोगप्रतिकारशक्ती. अस्थिमज्जेत तयार होणाऱ्या पांढऱ्या पेशी, लसीकाग्रंथी, प्लीहा, त्वचा, आतड्याचे अस्तर असे तिचे घटक शरीरभर पसरलेले असतात. ही शक्ती जितकी जास्त तितकी बरी, हा समज चुकीचा आहे. ती नको तिथे भडकली तर ॲलर्जी होते, आमवातासारखे विकार जडतात. आहार आणि ध्यान यांनी साधते ते मर्यादित, पण मोलाचे : कुपोषण, अपुरी झोप आणि सततचा ताण यांमुळे या यंत्रणेत आलेली उणीव भरून निघते.

आहाराचा विषय निघाला की नागपूरकर संत्र्याकडे बोट दाखवतो. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. आंबिया बहाराची (हिवाळ्याअखेरच्या फुलोऱ्याची) फळे दिवाळीच्या आगेमागे आणि मृग बहाराची (पावसाळ्यातल्या फुलोऱ्याची) फेब्रुवारी-मार्चमध्ये बाजारात येतात, म्हणजे सर्दी-खोकल्याच्या दिवसांत संत्रे हाताशी असते. मात्र १०० ग्रॅम संत्र्यात क जीवनसत्त्व सुमारे ३० मिलिग्रॅम असते, तर पेरू आणि आवळ्यात ते २०० मिलिग्रॅमच्या वर जाते. प्रौढ पुरुषाची रोजची गरज ८० मिलिग्रॅम धरली आहे. कार्तिकात आवळीच्या झाडाखाली जेवणाऱ्यांनी निवड अचूक केली होती, असे म्हणायला हरकत नाही. संत्रा बर्फीचा मात्र या हिशेबात काही संबंध नाही. ती गोडासाठी खावी. क जीवनसत्त्वाच्या गोळ्या रोज घेतल्याने सर्वसामान्य माणसाची सर्दी टळत नाही. अनेक चाचण्यांच्या एकत्रित आढाव्यात सर्दीचा मुक्काम प्रौढांमध्ये सुमारे ८ टक्क्यांनी कमी झालेला दिसला, म्हणजे आठवडाभराच्या सर्दीतला अर्धा दिवस.

खरे वजन आहे ते पोटभर जेवणाला आणि प्रथिनांना. झारखंडमध्ये क्षयरुग्णांच्या कुटुंबीयांना शिधा आणि सूक्ष्मपोषक गोळ्या देऊन केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. शिधा काही खास नव्हता, तांदूळ आणि डाळ. त्या घरांत क्षयाचे नवे रुग्ण ३९ टक्क्यांनी कमी निघाले. प्रतिकारशक्तीच्या नावाने विकल्या जाणाऱ्या कुठल्याही चूर्णाच्या बाजूने इतका भक्कम पुरावा नाही. क्षयरुग्णाला निक्षय पोषण योजनेतून दरमहा ५०० रुपये मिळत, ते नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले, त्यामागेही हाच विचार आहे.

या कसोटीवर वैदर्भीय स्वयंपाकघर बरेच पुढे आहे. ज्वारीची भाकर, वरण, झुणका, पातोडीचा रस्सा, गोळाभात यांत हरभरा आणि तूर रोज या ना त्या रूपाने पोटात जाते. जवसाच्या चटणीतून ओमेगा-३ गटातली स्निग्धाम्ले मिळतात, अंबाडी आणि शेवग्याच्या पाल्यातून लोह आणि अ जीवनसत्त्वाची सामग्री. तर्री-पोह्यांतला (तिखट रस्सा घातलेल्या पोह्यांतला) चना प्रथिने देतो आणि वर पिळलेले लिंबू लोह शोषून घ्यायला मदत करते. लगेच त्यावर कडक चहा घेतला की चहातले टॅनिन ते लोह अडवते. पोहे आणि चहा यांत तासाभराचे अंतर ठेवावे, हा सल्ला शहरात कोणी मनावर घेईल असे वाटत नाही. सावजी रस्सा अधूनमधून खाल्ल्याने प्रतिकारशक्ती ढासळत नाही, रोजच्या तेलाचा प्रश्न वेगळा.

उन्हाळ्यात ताक, कैरीचे पन्हे आणि अंबील असते. अमेरिकेतील एका छोट्या चाचणीत (२०२१) दहा आठवडे आंबवलेले पदार्थ भरपूर खाणाऱ्यांच्या आतड्यांतल्या जंतूंचे वैविध्य वाढले आणि रक्तातली दाहकारक प्रथिने घटली. दही-ताकाला हे लागू पडते. ज्वारीचे पीठ आंबवून केलेली अंबील शिजवली की तिच्यातले जंतू मरतात. तरी पचायला हलकी आणि पाणी भरून काढणारी म्हणून ती उत्तमच.

ध्यानाकडे नागपूरकर एकाहून अधिक वाटांनी आले. रामनगरातील जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळाने आसन-प्राणायाम घरोघर नेला; धंतोलीत रामकृष्ण मठ आहे. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर वस्त्यावस्त्यांत बुद्धविहार उभे राहिले आणि पुढे त्या वाटेने विपश्यनाही आली. कळमेश्वर मार्गावर माहुरझरी येथे ‘धम्म नाग’ हे विपश्यना केंद्र आहे. माहुरझरी तशी पुरातत्त्वाच्या अभ्यासकांना महापाषाणयुगीन शिळावर्तुळांमुळे ठाऊक. शिबिर दहा दिवसांचे, मौनाचे, पहाटे चारला सुरू होणारे आणि दानावर चालणारे असते. गंभीर मानसिक आजार असलेल्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

ध्यानाचा प्रतिकारशक्तीशी संबंध ताणातून येतो. ताण दीर्घकाळ राहिला की कॉर्टिसॉल या संप्रेरकाचे तंत्र बिघडते आणि पांढऱ्या पेशींचे काम मंदावते. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सुमारे ४०० निरोगी स्वयंसेवकांच्या नाकात सर्दीचे विषाणू सोडले, तेव्हा अधिक ताणाखाली असलेले अधिक प्रमाणात आजारी पडले. २००३ च्या अभ्यासात आठ आठवडे ध्यान शिकलेल्या कर्मचाऱ्यांत फ्लूच्या लशीनंतर प्रतिपिंडे जास्त तयार झाली. गट लहान होता, आणि त्यानंतरचे निष्कर्ष संमिश्र आहेत. ध्यानाने झोप सुधारत असेल तर तो फायदा कदाचित याहून मोठा ठरेल : सहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता सात तासांहून अधिक झोपणाऱ्यांच्या चौपटीहून जास्त, असे २०१५ मध्ये आढळले. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि रात्रीही भिंती तापलेल्या असतात, तेव्हा कूलर नीट चालणे हीसुद्धा आरोग्याची बाब असते.

सकाळी अंबाझरी तलावावर अनुलोम-विलोम आणि दिवसभर गालात खर्रा (तंबाखू-सुपारीचे मिश्रण), हे दृश्य शहरात नवे नाही. तंबाखू आणि सुपारी दोन्ही कर्करोगकारक ठरलेले आहेत. खर्रा सुटला नाही, तर तोंडाच्या आरोग्यापुरते तरी ध्यान आणि आवळा यांना फारसे काही करता येत नाही. काढ्यांचीही अतिशयोक्ती नको. करोनाकाळात गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताला इजा झाल्याचे रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले. आयुष मंत्रालयाने हा निष्कर्ष अमान्य केला, तरी यकृताचा किंवा स्वयंप्रतिरोधी विकार असणाऱ्याने वैद्याला विचारल्याविना ती घेऊ नये.

विदर्भात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे प्रमाण लक्षणीय आहे. या आजारात प्लीहा बालपणीच निकामी होऊ लागते, त्यामुळे न्यूमोनियासारखे संसर्ग जीवघेणे ठरतात. अशा मुलांना न्यूमोकोकल लस, पेनिसिलिन आणि फॉलिक आम्ल वेळेवर मिळणे अत्यावश्यक असते. चांगला आहार आणि प्राणायाम या उपचारांच्या जोडीला घेता येतात, त्यांच्या बदल्यात नाही. ताप १०१ फॅरनहाइटच्या वर गेला तर घरगुती उपायांत वेळ न घालवता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.