डबकं नको, वाफसा हवा

सांगलीत अंगणात भाजीचा वाफा करायचा म्हटलं की आधी मातीचंच कौतुक होतं. कृष्णाकाठची काळी कसदार माती, आणखी काय पाहिजे? मीही त्याच तोऱ्यात होतो. दहा फूट लांब, तीन फूट रुंद, फूटभर उंच असा विटांचा वाफा बांधला. निचरा व्हावा म्हणून तळाला विटांचे तुकडे अंथरले आणि वर नुसती काळी माती भरली. जूनच्या चार पावसांतच मेथी पिवळी पडली. गावाकडून आलेल्या तात्यांनी मातीत बोट खुपसलं. "आरं, ह्यो वाफा हाय का डबकं? वाफसा कवा यायचा ह्याला?" तात्यांची उभी हयात हळद लावण्यात गेलेली, त्यामुळे वाद घालायची सोय नव्हती.

वाफसा या एका शब्दात मातीचं अर्धं विज्ञान आलं. चांगल्या मातीचा जवळपास निम्मा भाग पोकळीच असते. पाऊस थांबला की मोठ्या पोकळ्यांतलं पाणी खाली ओघळून तिथे हवा शिरते, बारीक पोकळ्यांत मात्र पाणी धरून राहतं. ओल आणि हवा यांचा हा मेळ म्हणजे वाफसा. मुळांना दोन्ही लागतं. मोठ्या पोकळ्या पाण्यानं भरलेल्याच राहिल्या तर मुळं गुदमरतात, कारण पाण्यातून प्राणवायू पसरण्याचा वेग हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पटींनी कमी असतो.

काळी माती इथेच अडते. बेसॉल्टचा खडक झिजून झालेल्या या मातीत चिकणकण भरपूर, तेही ०.००२ मिलिमीटरपेक्षा लहान. हे कण पापुद्र्यांच्या चळतीसारखे असतात. पापुद्र्यांमध्ये पाणी शिरलं की ते फुगतात आणि मोठ्या पोकळ्या मिटतात. वाळले की आकसतात आणि जमिनीला भेगा पडतात. आपली माती कशी आहे ते पाहायचं तर ओली करून तळहातावर वळा. शेवईसारखी बारीक, न तुटता वळली तर चिकण जास्त. तिच्यात चार घमेली वाळू टाकून काही होत नाही. वाळूचे दाणे चिकणात नुसते रुतून बसतात.

आता विटांचे तुकडे. ही चूक मी एकट्यानं केलेली नाही, कुंडीच्या तळाला खापऱ्या घालणारे घरोघरी आहेत. भांडी घासायचा स्पंज पाण्यात भिजवून तळहातावर आडवा धरा. ठिबकणं थांबलं की तोच स्पंज उभा करा. पुन्हा पाणी गळेल! पाण्याचा स्तंभ उंच झाला की गुरुत्वाची ओढ वाढते. पण कितीही उंच केला तरी तळाशी थोडा पट्टा चिंब राहतोच. मातीचंही तसंच. बारीक पोकळ्यांतलं पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहजी उतरत नाही, वरची माती काठोकाठ भिजेपर्यंत तिथेच लटकून राहतं. म्हणजे तळाला तुकडे घातले की तो चिंब पट्टा तेवढाच वर, मुळांच्या जवळ येतो. त्यापेक्षा खालची जमीन कुदळीनं खणून मोकळी करावी आणि माती थेट तिच्यावर भरावी.

मग चिकण माती सुटी कशानं होते? कुजलेल्या शेणखतानं. ते खाणारे जिवाणू चिकट द्रव सोडतात, बुरशीचे तंतू कणांना गुंडाळतात आणि माती रवाळ होते. रव्याच्या आत पाणी, दोन रव्यांच्या मधे हवा. माझं आताचं माप असं: दोन घमेली माती, एक घमेलं शेणखत किंवा गांडूळखत, आणि एक घमेलं भाताचं तूस व बारीक मुरूम मिळून. थर न लावता सगळं फावड्यानं कालवायचं. तूस शिराळ्याकडच्या भातगिरण्यांत मिळतं, आणि त्यात सिलिका असल्यानं सावकाश कुजतं.

उसाचं पाचट आपल्याकडे मुबलक, म्हणून तेच कोंबायचा मोह होतो. पण त्यात नत्राच्या एका भागाला कर्बाचे सुमारे शंभर भाग असतात, आणि जिवाणूंना पंचवीसच्या आसपास प्रमाण सोसतं. कमी पडणारं नत्र ते मातीतून ओढतात, पिकाच्या तोंडचा घास काढून. पाचट मातीत गाडू नये, वर आच्छादन म्हणून पसरावं. कारखान्यात उसाचा रस गाळून उरलेली मळीही ताजी घालू नये. ती आतून तापते, मुळं भाजतात.

शेणखत घेताना मूठभर हातात घेऊन पाहा. काळसर, भुसभुशीत आणि पावसानंतरच्या जमिनीसारखा वास असेल तरच आणा. अर्धवट कुजलेल्या खतातून हुमणीच्या अळ्या येतात. पांढरट, इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या या अळ्या दिसल्या तर खत उन्हात पसरून त्या वेचाव्या. कोंबड्या असतील तर तेही करावं लागत नाही.

हिशेब सांगायचा तर माझा वाफा तीस घनफुटांचा. माती ब्रासनं विकतात आणि एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, तेव्हा माझं एक तृतीयांश ब्रासच्या आत भागलं. हाच वाफा गच्चीवर करणार असाल तर मात्र आधी इंजिनिअरला विचारा. ओली माती घनफुटाला पंचेचाळीस किलोच्या आसपास भरते, म्हणजे सव्वा टनाहून अधिक ओझं.

वर्षभरात वाफा चार बोटं खाली बसला. माती कुठे गेली नव्हती. खतातला कर्ब जिवाणूंनी खाऊन वायुरूपात हवेत सोडला होता, आणि उरलेलं दबलं होतं. आता दर मे महिन्यात वरून दोन-तीन घमेली खत पसरतो, खणत नाही. गेल्या पावसाळ्यात तात्यांनी पुन्हा बोट खुपसलं. बोलले काही नाहीत, जाताना मेथीची जुडी तेवढी घेऊन गेले.