केसपेशींचं मेकॅनिक्स (आतला कान)

केसपेशी म्हणजे आतल्या कानातल्या हेअर सेल. नावात केस असले तरी हे केस नव्हेत, पेशीच्या डोक्यावर ॲक्टिन प्रोटीनच्या बारीक दांड्यांचा जुडगा असतो, जिन्याच्या पायऱ्यांसारखा चढत्या उंचीचा, आणि तो हलला की पेशीला आवाज कळतो. माणसाच्या एका कानात आतल्या रांगेत साधारण ३५०० आणि बाहेरच्या रांगांत १२००० च्या आसपास. कोंबडीच्या पिल्लात मेलेल्या पेशींच्या जागी नवीन येतात, आपल्यात नाही. तोल सांभाळणाऱ्या भागातही अशाच पेशी आहेत.

दांडी मधे वाकत नाही, ताठ राहून मुळाशी कलते, कारण मुळाशी ती निमुळती असते. बुटक्या दांडीच्या टोकापासून शेजारच्या उंच दांडीच्या अंगापर्यंत एक धागा असतो, टिप लिंक, लांबी जेमतेम १५० नॅनोमीटर. हा धागा १९८४ मध्ये पिकल्स आणि सहकाऱ्यांनी दाखवला. जुडगा उंच बाजूला कलला की धागा ताणतो, चॅनल (पेशीच्या पडद्यातलं बारीक दार) उघडतं, पोटॅशियम आत शिरतं, उलटीकडे कलला की धागा सैल. चॅनल धाग्याच्या वरच्या टोकाला की खालच्या यावर बरीच वर्षं गेली, २००९ च्या प्रयोगांनंतर खालचं टोक धरलं जातं.

आता खरी भानगड स्प्रिंगची. कोरी आणि हडस्पेथ यांनी बेडकाच्या कानावर काम करून १९८३ मध्ये मांडलं की चॅनलला एक स्प्रिंग ओढते. १९८८ मध्ये दिसलं की चॅनल उघडताना जुडगा मऊ पडतो आणि २००० मध्ये तर ऋण ताठरपणा सापडला, म्हणजे ठराविक टप्प्यात जुडगा विरोध करायचं सोडून स्वतःच पुढे सरकतो, हे मला या सगळ्या विषयातलं सगळ्यात सुंदर वाटतं. पण स्प्रिंग म्हणजे टिप लिंकच का? धागा कॅडहेरिन २३ आणि प्रोटोकॅडहेरिन १५ या दोन प्रोटीनचा, कंप्युटर मॉडेलमध्ये तो फार ताठ निघाला, म्हणून काहींनी स्प्रिंग दुसरीकडे शोधली. २०१९ मध्ये प्रोटोकॅडहेरिनचा एकेक रेणू ओढून पाहिला तेव्हा तो बराच मऊ निघाला, त्यामुळे धाग्याचा वाटा आहेच असं धरणं जास्त बरं.

दुसरा वाद आवाज वाढवतं कोण हा, जुडगा की पेशीचं अंग. कान स्वतः ऊर्जा घालतो हे गोल्ड यांनी १९४८ मध्येच सुचवलं होतं, कोणी फारसं मनावर घेतलं नाही. १९७८ मध्ये केम्प यांना कानातून बाहेर येणारा आवाज मिळाला. आज मुंबईत झोपलेल्या तान्ह्या बाळाच्या कानात छोटासा प्रोब घालून, टकटक वाजवून परत येणारा बारीक आवाज पकडतात, ती ओएई टेस्ट याच शोधातून आली. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर ब्राउनेल यांनी बाहेरच्या रांगांतली पेशी विजेने आखूड-लांब होते हे दाखवलं, २००० मध्ये त्यामागचं प्रोटीन प्रेस्टिन सापडलं. आक्षेप असा की पेशीचा पडदा व्होल्टेज हळू बदलतो, मग हजारो हर्ट्झला पेशी पुरी पडेल कशी. तरी २००८ मध्ये प्रेस्टिन बिघडवलेल्या उंदरांचं ऐकणं मंदावलं, त्यामुळे सस्तन प्राण्यांत मुख्य काम प्रेस्टिनचं, हेच पटतं. बेडकात मात्र जुडग्याचंच.

विसर्जनाच्या रात्री ढोल-ताशाजवळ तासभर थांबलं की कानाला दडे बसतात, शीळ ऐकू येते, बऱ्याचदा एकदोन दिवसांत उतरतं. तुटलेल्या टिप लिंक परत जुळण्याचा यात वाटा असू शकतो: कोंबडीच्या पिल्लांच्या पेशींत टिप लिंक रसायनाने तोडल्या तर साधारण दिवसभरात त्या परत तयार होतात.