उजळाईवाडी ते सांबरा: ९६ किलोमीटर नेमके कुठले?

भाच्याने सांगलीहून नेलेली गाडी कोल्हापूर विमानतळावर, म्हणजे उजळाईवाडीला लावली. परतीचं तिकीट मात्र स्वस्त पडलं म्हणून बेळगावचं काढलं. सांबऱ्याला उतरल्यावर मोबाईलवर दोन विमानतळांमधलं अंतर बघितलं, ९६ किलोमीटर. लगेच फोन, "मामा, सव्वा तासात गाडीपाशी पोचतो." मी ताट झाकून ठेवलं.

आकडा खोटा नव्हता. ते हवाई अंतर होतं, दोन ठिकाणांच्या अक्षांश-रेखांशांवरून काढलेलं. सुतळी ताणून धरावी तसं. सुतळीला तवंदीचा घाट लागत नाही, दूधगंगा-वेदगंगेवरचे पूल लागत नाहीत. रस्त्याचं गणित वेगळं. सांबरा बेळगावच्या पूर्वेला दहाएक किलोमीटरवर, म्हणजे आधी शहराकडे यायचं, मग महामार्ग धरून संकेश्वर, निपाणी, कागल. बेरीज ११०च्या पुढे जाते आणि स्वतःची गाडी असली तरी दोन तास धरावे लागतात. भाच्याची गाडी तर दुसऱ्या टोकाला.

काही ठिकाणी हेच अंतर ५२ दिसतं. ते सागरी मैल असतात, एक मैल १.८५२ किलोमीटरचा. साधा मैल समजून १.६ ने गुणलंत की आणखी बारा-तेरा किलोमीटर गायब!

वेळेचाही असाच घोळ. कोल्हापूर ते मुंबई हवाई अंतर ३०८ किलोमीटर. एटीआरसारखं पंख्याचं विमान ताशी ५००च्या आसपास जातं, म्हणजे हिशेबाने ३७ मिनिटं. वेळापत्रकात मात्र तासाभराच्या आसपासचा वेळ दिसतो, कारण विमान जागेवरून हलल्यापासून दुसरीकडे थांबेपर्यंतचा सगळा वेळ त्यात मोजतात. धावपट्टीपर्यंतची रांग, चढण, मुंबईच्या आभाळातल्या घिरट्या, सगळं त्यातच. घरापासूनचा वेळ त्यात कुणी धरत नाही. तो आपला आपण मोजायचा.

सांगलीकराने तर जरा जास्तच मोजावा. आपल्यापासून उजळाईवाडी सरळ रेषेत ३७ किलोमीटर, सांबरा ११०. पण ते ३७ अंकली, जयसिंगपूर, हातकणंगले, शिरोली करत पन्नाशीला टेकतात आणि जयसिंगपुरात उसाच्या ट्रॉल्यांमागे अडकलात तर घड्याळाकडे न बघितलेलंच बरं. पावसाळ्यात आणखी एक बघावं लागतं, पंचगंगा कुठवर आलीय. २०१९च्या पुरात शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली होता. हवाई अंतर तेव्हाही ३७च होतं.

भाचा सांबऱ्याहून रिक्षाने बेळगाव स्टँडला, तिथून एसटीने गोकुळ शिरगावला, पुन्हा रिक्षाने विमानतळावर, असा साडेतीन तासांनी गाडीपाशी पोचला. सांगली अजून लांबच होती. पिठलं दोनदा गरम करावं लागलं.