अक्षर कुठे उमटतं, बोट कुठे आपटतं

नोटपॅड उघडा आणि कुठलीही एक कळ अगदी सावकाश दाबा. पडद्यावर अक्षर उमटलं की बोट तिथेच थांबवा. कीबोर्ड ऑफिसात सहसा असतो तसा स्वस्तातला असेल तर तुमचं बोट जवळजवळ तळाला टेकलेलं असेल. तो मेकॅनिकल, म्हणजे प्रत्येक कळीखाली स्प्रिंगचा स्विच असलेला, असेल तर कळ निम्म्यातच असेल आणि खाली अजून जागा शिल्लक राहिलेली असेल. रोज सहा-सात तास टायपिंग करणाऱ्याने मेकॅनिकल कीबोर्ड घ्यावा का, घेतला तर कोणता, याचं बरंचसं उत्तर या दोन मिलिमीटरच्या अंतरात आहे.

सांगलीत असे हात थोडेथोडके नाहीत. मार्केट यार्डातल्या हळदीच्या अडत दुकानांत टॅलीवर बसलेले हिशेबनीस, कोर्टाजवळचे टंकलेखक, दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेरचे दस्तलेखक, कर सल्लागारांकडे जीएसटीची विवरणपत्रं भरणारी मुलं-मुली, लग्नपत्रिकांपासून स्मरणिकांपर्यंत सगळं लावून देणारे डीटीपीवाले. हा लेख त्यांच्यासाठी आहे. खेळांसाठी विकल्या जाणाऱ्या कीबोर्डांच्या जाहिरातींत रंगीत दिवे आणि एका सेकंदाच्या हजाराव्या भागाचा प्रतिसाद यांचा गाजावाजा असतो. विक्रीखत टाइप करताना त्यातलं काहीच कामाला येत नाही.

साध्या कीबोर्डात कळीखाली रबराचा छोटा घुमट असतो. त्याच्याखाली प्लास्टिकचे तीन पातळ थर. वरच्या आणि खालच्या थरावर वीज वाहून नेणाऱ्या रेषा छापलेल्या असतात आणि मधल्या थराला भोकं असतात. कळ दाबली की घुमट कोसळतो, वरचा थर भोकातून खालच्या थराला टेकतो आणि अक्षर उमटतं. म्हणजे अक्षर उमटण्याची जागा आणि बोट आपटण्याची जागा इथे जवळपास एकच असते. अक्षर उमटल्याची खात्री हवी असेल तर कळ तळापर्यंत न्यावीच लागते. वर्ष-दोन वर्षांनी रबर थकतं, काही कळा मऊ पडतात, काही घट्ट होतात, आणि मग बोटं सगळ्याच कळांवर जास्तीचा जोर लावू लागतात.

मेकॅनिकल कीबोर्डात प्रत्येक कळीला स्वतःचा स्वतंत्र स्विच असतो. जर्मनीच्या चेरी कंपनीने 1980च्या दशकात आणलेली एमएक्स ही रचना आज जगभर चालते. तिचं पेटंट संपल्यावर गॅटेरॉन, काइल, औटेमू अशा चिनी कंपन्या तसेच स्विच बनवू लागल्या आणि किमती उतरल्या. स्विचमध्ये एक दांडा, एक स्प्रिंग आणि धातूच्या दोन पट्ट्या असतात. यातली खरी गंमत अशी की कळ वर असताना दांड्याचा पाय एका पट्टीला बाजूला ढकलून धरतो. कळ खाली गेली की पाय सरकतो, पट्टी मोकळी होते आणि आपल्याच ताणाने दुसरीला जाऊन टेकते. तुम्ही बोट हळू दाबा की जोरात, पट्ट्या एकमेकींना टेकण्याचा जोर तोच राहतो. चेरीच्या लाल स्विचमध्ये हे 2 मिलिमीटरवर घडतं आणि कळ एकूण 4 मिलिमीटर खाली जाते.

या स्विचांचे तीन ढोबळ प्रकार, दांड्याच्या रंगावरून ओळखले जाणारे. लाल स्विच सरळ खाली जातो. त्यात फक्त स्प्रिंगचा प्रतिकार असतो आणि हूकच्या नियमाप्रमाणे कळ जितकी खाली जाईल तितका तो वाढतो. तपकिरीत वाटेत एक छोटा उंचवटा लागतो, बोटाला तो जाणवतो. निळ्यात उंचवटा आहे आणि आवाजही. त्याच्या दांड्यावर एक वेगळा सुटा तुकडा असतो, तो उंचवटा ओलांडल्यावर झटकन खाली आपटतो आणि टक् असा आवाज येतो. दुकानांच्या बिलिंग काउंटरवर आणि बँकांत वर्षानुवर्षं दिसणारा टीव्हीएस गोल्ड अनेकांना आठवेल. त्यात बराच काळ चेरीचे निळे स्विच असत. मेकॅनिकल कीबोर्ड ही आपल्याकडे नवी चैन नाही, पूर्वी त्याला कुणी त्या नावाने ओळखत नव्हतं इतकंच.

कुठला स्विच किती जड, हे घरी ताडून पाहता येतं. लाल स्विचला अक्षर उमटवायला 45 सेंटिन्यूटन बल लागतं, म्हणजे साधारण 46 ग्रॅम वजन. 10 रुपयांचं एक नाणं पावणेआठ ग्रॅमच्या आसपास भरतं. एस्केप ही कोपऱ्यातली एकटी कळ, तिच्यावर नाण्यांची चळत शेजारच्या कळांना न टेकता मावते. लाल स्विचची कळ सहा नाण्यांनी साधारण निम्मी खाली जाऊन थांबते. निळ्या स्विचचा उंचवटा ओलांडायला सुमारे 60 सेंटिन्यूटन लागतात, तिथे आठ नाणी हवीत. दोन नाण्यांचा हा फरक दिवसभरात हजारो वेळा बोटांवर पडतो.

उंचवटा जाणवला की बोट तिथेच थांबतं आणि तळावर आपटत नाही, असं बरेच विक्रेते सांगतात. शरीरशास्त्र याला दुजोरा देत नाही. वेगाने टाइप करताना कळीचे शेवटचे दोन मिलिमीटर सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास पार होतात. बोटाला झालेला स्पर्श मेंदूपर्यंत पोहोचून हालचाल बदलायला त्याच्या दहापट किंवा अधिक वेळ लागतो. चालू असलेला ठोका थांबवणं त्या उंचवट्याला शक्यच नाही. त्याचा उपयोग पुढच्या ठोक्यांना होतो. कळ लागली की नाही, ही बातमी प्रत्येक ठोक्यामागे पक्की मिळत गेली की काही आठवड्यांत हाताला योग्य जोराचा अंदाज येतो आणि तो आपोआप हलका पडतो. टायपिंग करणारी माणसं गरजेच्या दुपटीहून जास्त जोर लावतात, असं बोटांखालचं बल मोजणाऱ्या प्रयोगांत दिसलं आहे. तो जादा जोर उतरवायला वाव देणं, हे मला मेकॅनिकल कीबोर्डचं सगळ्यात मोठं देणं वाटतं. त्याने वेग आपोआप वाढेल अशी अपेक्षा मात्र ठेवू नये.

वेग बहुतेक सवयीतून येतो. फिनलंडच्या आल्टो विद्यापीठाने 2018 मध्ये 1 लाख 68 हजार स्वयंसेवकांच्या 13 कोटी 60 लाख ठोक्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात वेगवान टंकलेखकांची एक खूण सापडली. ते आधीची कळ सुटण्यापूर्वीच पुढची दाबतात. कीबोर्ड घेताना ही गोष्ट उपयोगी पडते, कारण सगळ्या कळा आडव्या-उभ्या तारांच्या जाळ्यावर बसवलेल्या असतात. साध्या जाळ्यात तीन कळा एकाच वेळी दाबल्या गेल्या तर कीबोर्डला कधी न दाबलेली चौथी कळ ‘दिसते’ आणि घोळ टाळायला तो एखादं अक्षर गिळतो. प्रत्येक स्विचला स्वतंत्र डायोड असेल तर वीज एकाच दिशेने वाहते आणि हा घोळ होत नाही. खोक्यावर एन-की रोलओव्हर असं लिहिलेलं असतं, ते याचसाठी. हात वेगवान असेल तर तेवढं बघून घ्या.

आता मराठीकडे येऊ. कीबोर्डांवर लिहिणारे बहुतेक लोक इंग्रजी टायपिंग गृहीत धरतात आणि आपल्या बोटांचा हिशेब तिथेच चुकतो. इनस्क्रिप्ट या भारतीय लिपींसाठीच्या प्रमाण मांडणीत काना, मात्रा, वेलांट्या डाव्या हाताला आहेत आणि बहुतेक व्यंजनं उजव्या. आपल्या भाषेत व्यंजनामागे स्वर येतो, त्यामुळे हात आळीपाळीने चालतात. शेजारच्या जिल्ह्याचंच नाव घ्या. ‘सातारा’ टाइप करताना उजवा, डावा, उजवा, डावा, उजवा, डावा असा चोख ताल पडतो. तेच नाव रोमन अक्षरांत लिहून मराठी करून घेणाऱ्याची सगळी अक्षरं एकट्या डाव्या हातावर येतात. दिवसभर असं काम करणाऱ्याचा डावा हात का भरून येतो, ते एवढ्यावरून कळावं.

इनस्क्रिप्टमध्ये करंगळ्या मात्र फार राबतात. महाप्राण अक्षरं त्यांच्या जोडीदाराच्याच कळीवर शिफ्टसह बसवली आहेत. क वर ख, ग वर घ, त वर थ, द वर ध. ळ, ण, श, ष यांनाही शिफ्ट लागते, आणि ‘दऱ्या’मधल्या ऱ साठीसुद्धा. सांगलीकराने दिवसातून कितीदा तरी लिहिलेला ‘कृष्णा’ हा शब्द बघा. सहा ठोके, त्यातले दोन शिफ्टसह, म्हणजे आठ वेळा कळ दाबणं, आणि ती शिफ्ट सगळ्यात दुबळ्या बोटाखाली. म्हणून मराठीचं काम जास्त असणाऱ्याने कीबोर्डची पहिली परीक्षा शिफ्टवर घ्यावी. लांब कळीच्या दोन्ही टोकांखाली तिला समतोल ठेवणारी तार असते. ती ढिली असेल तर कळ टोकावर दाबताना खडखडते किंवा तिरकी अडकते. जपानच्या टोप्रे कंपनीच्या काही रिअलफोर्स कीबोर्डांत करंगळीखालच्या कळा मुद्दाम हलक्या ठेवलेल्या असतात. आपल्याला तितका खर्च करायची गरज नाही. स्विच बदलता येणारा कीबोर्ड घेऊन दोन्ही शिफ्टखाली हलके स्विच बसवले तरी संध्याकाळी करंगळीला फरक जाणवेल.

रेमिंग्टन मांडणीवर, जुन्या टाइपरायटरच्या सवयीने काम करणाऱ्यांचं थोडं वेगळं आहे. टाइपरायटरवर अक्षराचा दांडा कागदावर फेकावा लागे, त्यामुळे त्यांचा हात मुळातच ठोक्याचा. लाल स्विच त्यांना पोकळ वाटतो, टेकवलेल्या बोटाने नको असलेली अक्षरंही उमटतात. त्यांनी सरळ तपकिरी किंवा त्याहून जड स्विच घ्यावा. निळा फक्त एकट्याने बसणाऱ्यासाठी. पक्षकार समोर बसून मजकूर सांगतो आहे किंवा एका खोलीत तीन ऑपरेटर आहेत, तिथे तो इतरांवर अन्याय आहे.

आकाराबाबत फार बोलण्यासारखं नाही. टॅलीवाल्याने फंक्शन कळा आणि उजव्या हाताने न बघता चालणारा अंकांचा भाग सोडू नये. पेमेंट एफ5, रिसीट एफ6, सेल्स एफ8 असं दिवसभर चालतं, तिथे दिसायला देखणा, सुमारे साठ टक्केच कळा असलेला छोटा कीबोर्ड रोज छळेल. ज्यांना आकडे क्वचित लागतात त्यांनी उजवीकडचा भाग नसलेला घ्यावा. माउस जवळ येतो आणि खांदा ताणला जात नाही.

मेकॅनिकल कीबोर्डने मनगटाचं दुखणं बरं होतं, असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. उलट हे कीबोर्ड उंच असतात. मनगट वरच्या बाजूला वाकलं की त्यातल्या अरुंद बोगद्यातून जाणाऱ्या मध्य चेतेवर दाब वाढतो. कीबोर्डचे मागचे पाय दुमडूनच ठेवा, खुर्ची थोडी वर घ्या. तळहाताला आधार द्यायचाच असेल तर तो टायपिंग थांबल्यावरच्या विश्रांतीसाठी.

सांगलीत कीबोर्डचा खरा शत्रू धूळ आणि दमट हवा आहे. कंपन्या स्विचचं आयुष्य 5 कोटी, 10 कोटी ठोके सांगतात. हिशेब करून बघू. मिनिटाला 30 शब्द, शब्दामागे 5 ठोके, दिवसाला सहा तास आणि वर्षाला 300 दिवस अखंड काम धरलं तर 1 कोटी 62 लाख ठोके होतात. त्यातला दहावा हिस्सा एकट्या काना किंवा स्पेसवर पडला असं मानलं, तरी 5 कोटींचा स्विच 30 वर्षं चालायला हवा. प्रत्यक्षात यार्डातल्या दुकानात तो त्याच्या कितीतरी आधी कुरकुरू लागतो. हळदीची बारीक पूड दांड्याच्या खाचांत बसते, पावसाळ्यात नदीकाठची ओल तिला चिकट करते आणि पट्ट्यांवर गंज धरू लागतो.

मग एक विचित्र आजार सुरू होतो. पट्ट्या टेकताना नेहमीच काही हजारांश सेकंद थरथरतात. तेवढा वेळ कीबोर्डची चिप दुर्लक्ष करते. पट्ट्या मळल्या की थरथर लांबते आणि एकाच ठोक्याला अक्षर दोनदा उमटतं. पत्रात ‘ककृष्णा’ झालं तर डोळ्याला खटकतं. दस्तात गट क्रमांक 45 चा 455 झाला, तर तो वाचताना सहज निसटतो आणि दुरुस्तीपत्र करायची वेळ येते. म्हणून पट्ट्यांच्या टोकाला सोन्याचा मिश्रधातू असलेले स्विच बघा, सोनं गंजत नाही. यार्डात बसणाऱ्यांनी काइलचे बॉक्स प्रकारचे स्विच जरूर विचारात घ्यावेत. त्यात पट्ट्या वेगळ्या बंद कप्प्यात असतात आणि कंपनी त्यांना धूळ-पाण्यापासून संरक्षणाचा आयपी56 दर्जा सांगते.

कीकॅपचं, म्हणजे कळीवरच्या टोपीचं, प्लास्टिकही पाहा. एबीएस लवकर गुळगुळीत आणि चकचकीत होतं, पीबीटी जास्त टिकतं. हळदीचा डाग उन्हात उडतो हे आपल्याकडे घरोघरी माहीत आहे, पण कीकॅप उन्हात ठेवू नका, एबीएस उन्हाने स्वतःच पिवळं पडतं. देवनागरी अक्षरांचे चिकटवायचे स्टिकर घामाने सुटतात. त्यापेक्षा मांडणी पाठ करणं बरं. ‘ि’ आणि ‘र’च्या कळांवर उंचवटे असतातच, तर्जन्या तिथे टेकल्या की बाकीची अक्षरं सापडतात.

आणि शक्य असेल तर स्विच सॉकेटमध्ये बसवलेला, म्हणजे हॉट-स्वॅप कीबोर्ड घ्या. यात सोल्डरिंग न करता स्विच चिमट्याने उपटून दुसरा बसवता येतो. खरेदीबरोबरच त्याच जातीचे दहा स्विच जास्तीचे मागवा. त्याआधी सॉकेट तीन पिनांचं आहे की पाच, ते विचारून घ्या. तीन पिनांच्या जागी पाच पिनांचा स्विच आला तर त्याच्या प्लास्टिकच्या दोन जादा पिना नखं कापायच्या कटरने छाटाव्या लागतात.