वॉश अप

वॉश अप : इंग्रजीतील एक जोडक्रियापद. ‘वॉश’ म्हणजे धुणे आणि ‘अप’ म्हणजे वर, हे सांगली-साताऱ्याकडच्या शाळेत पाचवीतले पोरही सांगेल. पण या दोन अर्थांची बेरीज करून हाती काहीच लागत नाही. ब्रिटनमध्ये ‘वॉश अप’ म्हणजे जेवणानंतरची भांडी घासणे. अमेरिकेत त्याचाच अर्थ हात-तोंड धुणे. समुद्राविषयी किंवा नदीविषयी बोलताना वाहत आणून काठाला टाकणे. आणि एखाद्या माणसाला ‘वॉश्ड अप’ म्हटले, तर त्याची सद्दी संपली. धुण्याशी खरा संबंध पहिल्या दोन अर्थांचाच.

घोटाळा ‘अप’पाशी होतो. धुण्याच्या अर्थांत त्याचा ‘वर’शी संबंध नाही, काम तडीस गेले, उरकले, काही शिल्लक राहिले नाही, एवढेच तो सांगतो. ‘ईट अप’ म्हणजे ताटातले सगळे संपव, ‘यूज अप’ म्हणजे वापरून संपव, ‘ड्राय अप’ म्हणजे जतकडची विहीर उन्हाळ्यात आटते तसे पार आटणे. मराठीत हे काम शब्दयोगी अव्यय करत नाही, दुसरे क्रियापद करते. ‘सदरा धुऊन टाक’ म्हणजे एकदाचे ते काम संपव. ‘धुऊन घे’ यात स्वतःची सोय आहे, ‘धुऊन ठेव’ यात पुढची तजवीज, ‘अंगण धुऊन काढ’ यात कानाकोपरा आला. व्याकरणात यांना संयुक्त क्रियापदे म्हणतात. तेव्हा ‘अप’ला मराठी प्रतिशब्द शोधत बसणाऱ्याने तो ‘वर’, ‘खाली’, ‘बाहेर’ या घराण्यात न शोधता टाकणे, घेणे, काढणे, ठेवणे या घराण्यात शोधावा. शाळेतल्या शब्दार्थाच्या वहीत हे बहुधा कोणी लिहून देत नाही.

‘वॉश’ हा शब्द मूळचा जर्मानिक. जर्मन भाषेतला ‘वाशेन’ त्याचा भाऊबंद, आणि पाण्याला असलेला ‘वॉटर’ हा शब्दही त्याच मुळाचा मानतात. हजारेक वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीत ‘वास्कन’ हे क्रियापद मुख्यतः कपड्यांसाठी होते. अंग आणि भांडी धुण्याला वेगळे क्रियापद होते, ते पुढे लोपले आणि सगळा भार एकट्या ‘वॉश’वर पडला. मराठीने मात्र अशी काटकसर केलेली नाही. ‘धुणे’ हे क्रियापद सगळीकडे चालते, पण ‘धुणं’ हे नाम कपड्यांनाच. म्हणून ‘धुणी-भांडी’ असा जोडशब्द करावा लागला. भांडी घासायची, मग विसळायची. तांदूळ रोवळायचे. कपडा आधी भिजवायचा, मग चुबकायचा किंवा दगडावर आपटायचा, शेवटी खळबळून पिळायचा. तोंडात पाणी घेऊन खळखळवले की ती चूळ. वाईच्या किंवा माहुलीच्या घाटावर सकाळी उभे राहिले, तर यांतली बरीचशी क्रियापदे एकाच पायरीवर पाहायला मिळतात.

ब्रिटिश अर्थ घरगुती आहे आणि कोशात बहुधा तोच आधी येतो. ‘हूज वॉशिंग अप?’ म्हणजे आज भांड्यांची पाळी कोणाची. कर्म सांगितलेच पाहिजे असे नाही. ‘आय वॉश्ड अप’ एवढ्यात भांडी आलीच. कर्म घातले, तर ते ‘अप’च्या पुढे किंवा मागे कुठेही बसते : ‘वॉश अप द प्लेट्स’ किंवा ‘वॉश द प्लेट्स अप’. सर्वनाम असेल तर मात्र ते मध्येच हवे : ‘वॉश देम अप’. ‘वॉश अप देम’ म्हटले की वाक्य लंगडते. आघात ‘अप’वर पडतो. ‘वॉशिंग-अप’ असे नाम झाले की त्याचा अर्थ भांड्यांचे काम, आणि ‘वॉशिंग’ एवढेच म्हटले तर कपड्यांचे. ‘आय डिड द वॉशिंग’ म्हणणाऱ्याने धुणे धुतले. ‘आय डिड द वॉशिंग-अप’ म्हणणाऱ्याने भांडी घासली. एवढ्याशा ‘अप’ने माणूस दोरीपासून मोरीपर्यंत येतो. आपल्याकडची मुले ‘आय वॉश्ड अप माय क्लोद्ज’ लिहितात, ते या फरकाकडे लक्ष नसल्यामुळे.

या अर्थामागची रीतही वेगळी आहे. ब्रिटिश घरात सिंकमध्ये प्लॅस्टिकचे घमेले ठेवून त्यात गरम पाणी आणि साबण कालवतात, भांडी त्यातच बुडवून घासतात आणि पुष्कळदा फेसासकट काढून निथळत ठेवतात. मागाहून फडक्याने पुसायचे त्यालाही ‘ड्राय अप’ असेच नाव आहे. वर विहिरीच्या संदर्भात आला तोच शब्द. आपल्याकडे विसळल्याशिवाय भांडे धुतले असे कोणी म्हणणार नाही. राख आणि नारळाच्या शेंडीने घासण्याच्या दिवसांत तर घासणे आणि विसळणे ही दोन माणसांत वाटायची कामे असत : एक जण घासून देई, दुसरी विसळून पालथी घाली. ‘वॉश अप’ हे सगळे एका दमात सांगते, म्हणून त्याचा नेमका मराठी अनुवाद ‘भांडी घासणे’पेक्षा ‘भांडी उरकणे’ हा ठरेल. खरकटी, उष्टी, विटाळ यांतले काहीही त्या शब्दाला चिकटलेले नाही. पंगतीनंतर ‘उष्टी काढणे’ यात जी खालच्या कामाची छटा येते, ती ‘वॉश अप’मध्ये शोधू नये.

अमेरिकेत जेवणाआधी ‘वॉश अप’ असे सांगितले, तर मोरीकडे धावण्याचे कारण नाही. ‘हातपाय धुऊन घ्या, पानं वाढलीत’ हे त्याचे जवळजवळ शब्दशः मराठी. ‘घ्या’ हा आपला ‘अप’ तिथे अगदी नेमका बसतो. भांड्यांसाठी अमेरिकन माणूस ‘डू द डिशेस’ किंवा ‘वॉश द डिशेस’ म्हणतो. सांगलीच्या विश्रामबागेतला एखादा मुलगा शिकायला परदेशी गेला, पुस्तकात ब्रिटिश अर्थ वाचून गेला आणि यजमानीणबाईंनी दारातच ‘वुड यू लाइक टु वॉश अप?’ असे विचारले, तर त्याच्या मनात काय येईल ते सांगायला नको. उलट बाजूची फसगतही होते. ‘हॅव यू वॉश्ड युअर फेस?’ याचे ‘तोंड धुतलंस का?’ हे भाषांतर सकाळच्या वेळी आमच्याकडे दात घासलेस का, असा प्रश्न ठरते. ‘आधी तोंड धुऊन ये’ हा तर सरळ टोमणा. हल्ली घराघरांत अमेरिकन ‘वॉश अप’ला मराठीत ‘फ्रेश हो’ म्हणतात. शब्द इंग्रजी, वापर पूर्ण देशी.

तिसरा अर्थ पाण्याचा. लाटांनी बाटली, लाकूड, मेलेला देवमासा किनाऱ्यावर आणून टाकला, की इंग्रजीत तो ‘वॉश्ड अप’ होतो. सांगलीला समुद्र नाही, कृष्णा आहे; आणि काय काय वाहून येते हे इथल्या लोकांना कोशातून शिकावे लागत नाही. १९२९ साली बांधलेल्या आयर्विन पुलापाशी पाण्याची पातळी मोजतात : ४० फूट ही इशारा पातळी, ४५ फूट धोक्याची. ऑगस्ट २०१९ मध्ये ती ५७ फुटांच्या वर गेली. पूर ओसरल्यावर घाटाला, भिंतींना, झाडांना जे ओंडके, जलपर्णी आणि संसाराच्या वस्तू लागलेल्या दिसतात, त्या सगळ्यांना हे क्रियापद चालते. मराठीत त्याला ‘वाहत येऊन लागणे’ म्हणतात. ‘काठाला लागणे’ यातला ‘लागणे’ हाच पुन्हा ‘अप’. मात्र एक अट आहे : येणाऱ्याला स्वतःची इच्छा नसावी. कृष्णेत मगरी आहेत, आणि पुराच्या दिवसांत त्या वस्तीकडे येतात. पण मगर आपल्या पायांनी काठावर चढली, तर ती ‘वॉश्ड अप’ नव्हे. माणसाच्या बाबतीत मग गंमत होते. ‘ही वॉश्ड अप इन सांगली’ म्हणजे तो आला नाही, दैवाने, कर्जाने किंवा बदलीने ढकलत ढकलत सांगलीत येऊन पडला. पूर ओसरल्यावर घरातला गाळ काढून घर धुतले, त्याला मात्र ‘वॉश अप’ म्हणत नाहीत. ते ‘क्लीन अप’ किंवा पाण्याचा मारा करून केलेले ‘वॉश डाउन’.

‘वॉश्ड अप’ हे विशेषण १९२० च्या दशकातल्या अमेरिकन नाट्यव्यवसायाच्या बोलीतून रूढ झाले. काम आटोपले की माणूस हात धुतो, ही त्यामागची कल्पना. त्यावरून ज्याचे कामच आता संपले तो नट, गायक, खेळाडू. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’ ज्या सांगलीत उभे केले, तिथल्या वाचकाला या शब्दाची नाटकवाली नाळ सांगायला हरकत नाही : खेळ संपला, तोंडाचा रंग उतरला, आणि आता पुन्हा कोणी रंग लावायला बोलावत नाही. तालमीत हेच ‘आता त्याच्यात दम राहिला नाही’ असे सांगतात. मराठी सौम्य आहे. इंग्रजी शब्दाला हिणवण्याचा वास आहे. तो तोंडावर म्हणण्याचा शब्द नव्हे. त्याच्या शेजारचा ‘वॉश्ड आउट’ म्हणजे केवळ थकलेला, पांढराफटक पडलेला. त्याच्याशी गल्लत करू नये.

नाम म्हणून ‘वॉश-अप’चे आणखी काही उपयोग आहेत. छापखान्यात रुळांवरची शाई पुसून यंत्र साफ करणे म्हणजे वॉश-अप. नौदलात सराव संपल्यावर काय चुकले, काय साधले याची बैठक, तीही वॉश-अप. ब्रिटिश संसद निवडणुकीपूर्वी विसर्जित होताना अखेरच्या दिवसांत रेंगाळलेली विधेयके घाईने मार्गी लावतात, त्या काळाला हेच नाव आहे : २०१० मध्ये डिजिटल अर्थव्यवस्थेविषयीचा कायदा आणि मे २०२४ मध्ये टपाल कार्यालयांच्या ‘होरायझन’ या सदोष संगणकप्रणालीमुळे झालेल्या शिक्षा रद्द करणारा कायदा असाच उरकाउरकीत मंजूर झाला.

‘अप’ऐवजी दुसरे अव्यय आले की अर्थ पार हलतो. तासगावच्या द्राक्षबागेत डावणी या बुरशीच्या रोगावर फवारणी केली आणि तासाभरात सर आली, तर ‘औषध धुऊन गेलं’. हे ‘वॉश ऑफ’. ते टाळण्यासाठी फवाऱ्यात स्टिकर, म्हणजे औषध पानाला चिकटवून ठेवणारे द्रव्य, मिसळतात. जावळी-पाटणच्या डोंगरउतारावरची माती पावसाने जाते ते ‘वॉश अवे’. त्याला मराठीत ‘धूप’ असा नेमका शब्द आहे. पावसाने सामना बुडाला की तो ‘वॉशआउट’, हा मराठी क्रीडापानांनी तसाच उचललेला. बेंदराला बैल नदीवर नेऊन अंगभर धुतात ते ‘वॉश डाउन’, आणि भाकरीच्या घासामागून ताकाचा घोट घेणे हेही ‘वॉश डाउन’च.

हात धुण्याच्या वाक्प्रचारांत दोन्ही भाषा एकमेकींकडे पाठ करून उभ्या आहेत. इंग्रजीत एखाद्या गोष्टीचे हात धुणे म्हणजे तिची जबाबदारी झटकणे. बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानात येशूला शिक्षा सुनावताना रोमन सुभेदार पिलाताने लोकांसमोर हात धुतले, तिथून ते आले. मराठीत वाहत्या गंगेत हात धुऊन घेणारा जबाबदारी झटकत नाही, लाभ उठवतो. आणि हात धुऊन मागे लागणारा तर सोडतच नाही. संबंध तोडायचा तर आपण नुसते हात धुऊन भागवत नाही, त्याच्या नावाने अंघोळ करतो.

‘वॉश अप’ हे क्रियापद मात्र मराठीत आलेले नाही. वॉशरूम आली, वॉशबेसिन आले, ‘गाडी वॉशिंगला टाकलीय’ हेही रुळले. भांड्यांच्या वडीवर कंपन्या ‘डिशवॉश’ छापतात. पण सांगलीच्या गणपती पेठेतल्या दुकानात गिऱ्हाईक मागते ते ‘भांड्याचा साबण’.