पडदा गोठला, कर्नल जागा आहे

कर्सर जागच्या जागी चिकटलाय, कोपऱ्यातलं घड्याळ ११:४२ वर अडकलंय, पंखा मात्र घोंघावतोय. अशा वेळी बोट आपसूक पॉवरच्या बटणाकडे जातं. जरा थांबा.

लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये खिडक्या, माउस, वॉलपेपर सांभाळणारे प्रोग्रॅम वेगळे आणि त्यांच्याखालचा कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, वेगळा. बऱ्याचदा गोठतो तो वरचा डोलारा. कर्नल शुद्धीवर असतो आणि तुमचं काही सामान अजून त्याच्याकडेच पडलेलं असतं. फाइल ‘सेव्ह’ केली म्हणजे ती लगेच डिस्कवर गेली असं नाही. कर्नल ती आधी रॅममध्ये ठेवतो आणि सवडीने लिहितो. नेहमीच्या सेटिंगला ही सवड ३० सेकंदांच्या घरात असते. तेवढ्यात वीज तोडली तर एक्स्ट४सारखी फाइलसिस्टिम, म्हणजे डिस्कवरच्या फाइलींची मांडणी, स्वतःचा सांगाडा जर्नलवरून, म्हणजे बदलांच्या नोंदवहीवरून, सावरते. आतला मजकूर परत मिळेलच असं नाही.

म्हणून आधी कंट्रोल-आल्ट-एफ३ दाबून पाहा. काळा पडदा आणि लॉगिन आलं तर सुटलात. आत शिरून ‘सुडो रीबूट’ हा आदेश द्या. एखादी सेवा बंद व्हायला रेंगाळली तर सेवा सुरू-बंद करणारा सिस्टिमडी तिच्यासाठी बहुधा ९० सेकंद थांबतो. तुम्हीही थांबा.

तेही जमलं नाही तर प्रिंट-स्क्रीनच्या बटणावर बारीक अक्षरांत असलेलं ‘सिस-आरक्यू’ कामी येतं. हे बटण १९८४च्या आयबीएम पीसी-एटीच्या काळातलं. आल्टसोबत ते धरून आर, ई, आय, एस, यू, बी अशी अक्षरं दम खात, एकेक करून दाबायची. ‘आर’ कीबोर्ड डेस्कटॉपच्या ताब्यातून सोडवतो. ‘ई’ सगळ्या प्रोग्रॅमना आवरायला सांगतो, न ऐकणाऱ्यांना ‘आय’ मारतो. मग ‘एस’ रॅममधलं डिस्कवर उतरवतो, ‘यू’ डिस्क फक्त वाचण्यापुरती ठेवतो आणि ‘बी’ तडक रीबूट करतो. घाईत पहिलंच ‘बी’ दाबलंत तर वीज तोडल्यात जमा.

उबुंटू या लिनक्सच्या प्रकारात यातल्या कोणत्या कळा चालतील हे ठरवणारा आकडा मुळात १७६ असतो, म्हणजे १२८, ३२ आणि १६ची बेरीज: रीबूट, डिस्क वाचण्यापुरती करणं आणि सिंक, म्हणजे ‘एस’चं काम. ‘ई’ आणि ‘आय’ तिथे मुकेच. मला ते पटतं. नाहीतर कुणीही येऊन पडद्याचं कुलूप सांभाळणारा प्रोग्रॅमच मारून टाकेल.

सेव्हच न केलेला मजकूर मात्र अजून प्रोग्रॅमच्या ओंजळीत असतो. तो कर्नलकडे आलेलाच नसतो, त्यामुळे ‘एस’ कितीदाही दाबा, तो डिस्कवर जात नाही.